विस्तृत प्रकाशव्याप्ती छायाचित्रण, विद्यापीठ-वास्तूंचे

एकाच दृश्यातील अतितेजस्वी व अतिमंद अशा दोन्ही भागांचा तपशील टिपण्यासाठी, त्या दृश्याची निरनिराळ्या उद्‌भासनांची (प्रकाशग्राही पृष्ठावर पडू दिलेल्या प्रकाशाच्या मात्रांची) अनेक छायाचित्रे घेऊन ती संगणकाच्या साहाय्याने एकत्र करण्याच्या तंत्रास विस्तृत प्रकाशव्याप्ती छायाचित्रण म्हणतात. व्यवहारात ते ‘एचडीआर’ या आद्याक्षरांनी ओळखले जाते. खोल कमानी, ओसऱ्या, रंगीत काचेच्या खिडक्या आणि उंच मनोरे असलेल्या दगडी वास्तूंच्या चित्रणात हे तंत्र विशेष उपयोगी पडते. महाराष्ट्रातील मुंबई व पुणे येथील विद्यापीठांच्या वास्तू ही त्याची उत्तम उदाहरणे होत.

तत्त्व : दृश्यातील सर्वांत तेजस्वी व सर्वांत मंद भागांच्या तेजस्वितांचे गुणोत्तर म्हणजे त्या दृश्याची प्रकाशव्याप्ती होय. तेजस्विता दुप्पट होणे यास छायाचित्रकार एक ‘टप्पा’ मानतात. भर उन्हात भिंतीवर सु. १,००,००० लक्स प्रदीपन असते, तर कमानीआडच्या ओसरीत ते ५०० लक्सपर्यंत उतरू शकते. म्हणजे केवळ प्रदीपनातच २०० पट फरक पडतो. चुन्याची पांढरी भिंत तीवर पडलेल्या प्रकाशापैकी सु. ८० टक्के, तर काळा दगड सु. १० टक्के प्रकाश परावर्तित करतो असे धरल्यास आणखी आठपट फरक होतो. त्यामुळे उन्हातील पांढरी भिंत व सावलीतील काळा दगड यांच्या तेजस्वितांचे गुणोत्तर सु. १,६०० होते, ते दहा टप्प्यांहून अधिक आहे. अंधाऱ्या दालनात उभे राहून खिडकीसह चित्र घेतल्यास हा फरक आणखी वाढतो. पारदर्शिका-फिल्म केवळ पाच-सहा टप्पे पेलत असे. आजचे उत्तम अंकीय संवेदक बारा ते चौदा टप्पे पेलतात. चकचकीत छपाई-कागदावर मात्र काळ्या-पांढऱ्यातील गुणोत्तर साधारणतः शंभराच्या आसपासच राहते. म्हणून या तंत्रापुढे दोन स्वतंत्र प्रश्न असतात : दृश्यातील सर्व प्रकाश नोंदणे आणि नोंदलेला प्रकाश कागदाच्या वा पडद्याच्या मर्यादेत बसविणे.

इतिहास : ही अडचण छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. कोलोडियन काचपट्ट्या मुख्यतः निळ्या व जंबुपार प्रकाशाला संवेदनशील असल्याने आकाश प्रमाणाबाहेर उद्‌भासित होई; एकोणिसाव्या शतकातील वास्तुचित्रांत आकाश बहुधा कोरे व पांढरे दिसते ते यामुळेच. फ्रेंच छायाचित्रकार ग्युस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५६–५७ च्या सुमारास काही सागरचित्रांत समुद्र व आकाश यांची वेगवेगळी निगेटिव्हे एकत्र छापून यावर मार्ग काढला. १८७३ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान फोगेल यांनी रंजकद्रव्यांच्या योगे पट्ट्यांची वर्णसंवेदनशीलता वाढविता येते, हे दाखवून दिले. पुढे अंधारखोलीत छपाईच्या वेळी चित्राचा काही भाग झाकून व काही अधिक उद्‌भासित करून छटा जुळविण्याची रीत रूढ झाली. ॲन्सेल ॲडम्स व फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास छटांची ‘विभाग-पद्धती’ मांडून या कौशल्यास शिस्त दिली. चार्ल्स वायकॉफ यांनी निरनिराळ्या संवेदनशीलतेचे थर असलेली फिल्म तयार केली. तिचा उपयोग अणुस्फोटांच्या चित्रणासाठी झाला.

संगणकीय पद्धतीचा पाया विसाव्या शतकाच्या अखेरीस घातला गेला. स्टीव्ह मान व रोझलिंड पिकार्ड यांनी १९९५ मध्ये भिन्न उद्‌भासनांची चित्रे जोडण्याची रीत मांडली. १९९७ मध्ये पॉल डेबेव्हेक व जितेंद्र मलिक यांनी अशा चित्रांवरून कॅमेऱ्याचा प्रतिसादवक्र काढून दृश्यातील प्रत्यक्ष तेजस्वितांचे सापेक्ष मापन करण्याची पद्धती प्रसिद्ध केली. २००५ नंतर हे काम करणारी साधने चित्रसंपादनाच्या सर्वसाधारण आज्ञावल्यांत आली व २०१० पासून भ्रमणध्वनींतही त्यांचा शिरकाव झाला.

चित्रणपद्धती : कॅमेरा भक्कम तिवईवर बसवून समतल केला जातो. तो वर कलल्यास उभ्या रेषा वरच्या बाजूस एकवटतात व मनोरा मागे झुकल्यासारखा वाटतो. ते टाळण्यासाठी सरकते भिंग वापरतात. संवेदनशीलता किमान (बहुधा आयएसओ १००) ठेवतात आणि नाभीयन व श्वेतसंतुलन स्थिर करतात. भिंगाचे छिद्र एफ/८ ते एफ/११ च्या दरम्यान कायम ठेवून केवळ झडपेचा वेग बदलतात. छिद्र बदलल्यास क्षेत्र-खोली बदलते व चित्रे एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. दोन-दोन टप्प्यांच्या अंतराने १/२५०, १/६०, १/१५, १/४ व १ सेकंद अशी पाच चित्रे घेतली, तर कॅमेऱ्याच्या मूळ आवाक्यात सु. आठ टप्प्यांची भर पडते. सर्वांत कमी उद्‌भासनाच्या चित्रात तेजस्वी भाग जळालेला नसावा व सर्वांत अधिक उद्‌भासनाच्या चित्रात गडद सावलीतील पोत स्पष्ट दिसावा, ही पुरेशी कसोटी होय.

नंतर संगणक ही चित्रे एकमेकांशी जुळवितो आणि प्रत्येक चित्रबिंदूसाठी ज्या चित्रात तो नीट नोंदला गेला असेल त्यास अधिक भार देऊन तेजस्वितेचा नकाशा तयार करतो. हा नकाशा कागदावर वा साध्या पडद्यावर जसाच्या तसा दाखविता येत नाही; म्हणून त्यातील छटा आकुंचित केल्या जातात. यास छटा-रूपांतर म्हणतात. तेजस्वितेचा नकाशा न करता चित्रांचे उत्तम भाग थेट एकजीव करण्याची संमीलन-पद्धतीही प्रचलित आहे. तिचे परिणाम बहुधा अधिक स्वाभाविक दिसतात.

मुंबई विद्यापीठ : फोर्ट आवारातील दीक्षांत सभागृह (१८७४) आणि ग्रंथालय व राजाबाई मनोरा (१८६९–७८) यांचे आराखडे इंग्रज वास्तुशिल्पज्ञ सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी केले. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभारलेल्या व त्यांच्या मातेचे नाव दिलेल्या या मनोऱ्याची उंची सु. ८५ मी. आहे. वास्तूंचा दर्शनी भाग ओव्हल मैदानाकडे, म्हणजे पश्चिमेस आहे. त्यामुळे सकाळी तो सावलीत असतो व मागील आकाश तेजस्वी असते. एकाच उद्‌भासनात एकतर कुर्ल्याचा पिवळसर दगड काळवंडतो किंवा आकाश पांढरे पडते. दुपारनंतर दर्शनी भाग उजळतो, परंतु कमानींच्या ओसऱ्यांत दाट सावली राहते. मनोऱ्यावरील कोनाड्यांत पश्चिम भारतातील निरनिराळ्या समाजांच्या व्यक्तींचे पुतळे आहेत; त्यांचे नमुने साहाय्यक अभियंता मुकुंद रामचंद्र यांनी घडविले. कोनाड्यांच्या सावलीतील या शिल्पांचे चेहरे टिपण्यास हे तंत्र उपकारक ठरते. ग्रंथालयातील काचचित्रे व सभागृहातील राशिचिन्हांची वर्तुळाकार खिडकी यांच्या बाबतीत काचेसाठी योग्य उद्‌भासनात लाकूडकाम अंधारात बुडते व लाकूडकामासाठी योग्य उद्‌भासनात काचेचे रंग उडून जातात. अशा वेळी पाचाऐवजी सात वा नऊ चित्रेही घ्यावी लागतात. या वास्तू २०१८ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळालेल्या मुंबईतील वास्तुसमूहात समाविष्ट आहेत.

पुणे : सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची (स्थापना १९४९; सध्याचे नाव २०१४) मुख्य इमारत म्हणजे गणेशखिंडीतील पूर्वीचे गव्हर्नरांचे निवासस्थान होय. जेम्स ट्रबशॉ यांनी इटालियन धर्तीवर आखलेल्या या इमारतीचे बांधकाम १८६४ ते १८७१ या काळात झाले. तिचा निशाण-मनोरा, कमानींच्या ओसऱ्या व भोवतीची दाट झाडी यांमुळे ऊन-सावलीचे तुकडे पडतात. वाऱ्याने हलणारी पाने व ये-जा करणारे विद्यार्थी प्रत्येक चित्रात वेगळ्या जागी येऊन अंतिम चित्रात पुसट भुताकृती उमटवितात. त्या काढण्यासाठी त्या भागापुरते एकच चित्र प्रमाण धरतात.

याच आवारातील आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र (आयुका, स्थापना १९८८) चार्ल्स कोरिया यांनी आखले. काळ्या बेसाल्टवर कडप्पा व त्यावर झिलई केलेला काळा ग्रॅनाइट अशी तेथील भिंतींची रचना अवकाशाची गहनता सूचित करते. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक प्रत्येक दृश्य मध्यम करडे आहे असे गृहीत धरतो. परिणामी काळी भिंत करडी दिसते व झिलईत प्रतिबिंबित झालेले आकाश जळून जाते. उद्‌भासनांची मालिका घेतल्यास काळ्या रंगाच्या तिन्ही छटा वेगळ्या राखता येतात. छटा-रूपांतर करताना त्या ओढून उजळविल्या, तर वास्तुशिल्पज्ञाचा हेतूच नाहीसा होतो. इंदापूर, बारामती यांसारख्या कमी पावसाच्या तालुक्यांतील महाविद्यालयांच्या काँक्रीटच्या नव्या इमारतींतही कडक ऊन व खोल छज्जे यांमुळे हाच प्रश्न उद्‌भवतो. पावसाळी ढगाळ आकाशात सावल्या सौम्य होतात व पुष्कळदा एकच उद्‌भासन पुरते.

दोष व मर्यादा : अतिरेकी छटा-रूपांतरामुळे मनोऱ्याच्या कडेने आकाशात फिकट प्रभावलय दिसते, रंग भडक होतात आणि सावल्या नाहीशा होऊन वास्तू सपाट भासते. सावली हा वास्तूच्या आकाराचाच एक भाग आहे. ती पारदर्शक करणे इष्ट, परंतु पुसून टाकणे अनिष्ट होय.

वारसा-वास्तूंच्या जतनासाठी केलेल्या नोंदींत हा विवेक अधिक महत्त्वाचा ठरतो. ओसरीच्या अंधारातील भेगा, पाण्याचे ओघळ व दगडाची झीज या तंत्रामुळे दिसू लागतात व दुरुस्तीची आखणी करणाऱ्यांना त्यांचा उपयोग होतो. परंतु छटा-रूपांतराने बारीक डाग वाढवूनही दाखविले जातात व दगडाचा मूळ रंग बदलतो. अशा चित्रावरून नव्या दगडाची निवड केल्यास दुरुस्ती कायमची विजोड होण्याचा धोका असतो. म्हणून दस्तऐवजासाठी चित्रण करताना दृश्यात प्रमाण-रंगपट्टी ठेवणे, दिनांक, वेळ व उद्‌भासने नोंदणे आणि मूळ चित्रे कोणताही बदल न करता जपून ठेवणे आवश्यक मानले जाते. एकत्रित चित्र हे त्या मूळ नोंदींचे एक वाचन असते. अधिक तेजस्वितेचे पडदे आता उपलब्ध झाल्याने छटा आकुंचित करण्याची गरज कमी होत आहे. मूळ मालिका जपलेल्या असल्यास त्यांवरून पुढील काळात अधिक यथार्थ चित्रे सिद्ध करता येतील.