तीन पिढ्या, एक मांडव

धानाची कापणी-मळणी आटोपली, दिवाळी सरली, की कुरखेडा परिसराला नाटकांचे वेध लागतात. दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक, ही झाडीपट्टीची जुनी रीत. वडसा येथील नाट्यमंडळांशी प्रयोग ठरवून गावकरी लेकी-जावयांना व सोयऱ्यांना आवतण धाडतात. मांडवात आजोबा, मुलगा आणि नातू शेजारी बसतात. नाटक पहाटेपर्यंत चालते. कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे याच रंगभूमीवर हजारो प्रयोगांतून लोकप्रिय झाले. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री लाभली.

येथील नाटकांचा विषय बहुधा घरचाच : भावांतील बेबनाव, उपेक्षित म्हातारपण, गांजलेली सून. रंगमंचावर वाटणीचा प्रवेश सुरू झाला, की प्रेक्षकांतील भाऊही मनोमन आपापला हिशेब मांडू लागतात. जे घरी बोलता येत नाही, ते येथे तिसऱ्याच्या तोंडून ऐकता येते.

विदर्भातीलच महेश एलकुंचवार यांनी हा विषय वेगळ्या धाटणीने ‘वाडा चिरेबंदी’त मांडला. १९८५ मध्ये विजया मेहता यांनी ते रंगभूमीवर आणले. पुढे ‘मग्न तळ्याकाठी’ व ‘युगान्त’ मिळून धरणगावच्या देशपांडे घराण्याची त्रिनाट्यधारा पूर्ण झाली. तात्याजींच्या मृत्यूनंतर कुटुंब एकत्र येते. घरात पैसा नाही. तरीही प्रतिष्ठेपायी तेराव्याचा मोठा खर्च अटळ ठरतो. दारात ट्रॅक्टर गंजत पडलेला असतो. प्रभाची शिकण्याची इच्छा दडपली गेलेली असते आणि धाकटा चंदू मुकाट्याने घरासाठी राबत असतो.

व्यापारी कुटुंबांनी येथे थांबून विचार करावा. पेढीच्या वहीत पै-पैची नोंद असते. परंतु दुकानासाठी शिक्षण सोडणाऱ्या भावाचे किंवा अडचणीत दागिने काढून देणाऱ्या सुनेचे नाव कोणत्या खात्यात असते? वाटणीच्या वेळी कटुता येते, ती पुष्कळदा अशा न नोंदलेल्या देण्यांमुळे. तो त्याग वडिलधाऱ्यांनी सर्वांसमक्ष, हयातीतच मान्य केला, तर अर्धे भांडण तेथेच मिटते.

म्हणून असे नाटक एकट्याने नव्हे, तिन्ही पिढ्यांनी मिळून पाहावे. परतीच्या वाटेवर नातवाने एखादा अवघड प्रश्न विचारला, तर आजोबांनी तो टाळू नये.