मालिशीने आराम, व्यायामाने बळ

सोलापूर जिल्ह्यातल्या तालमींत अंग दुखलं की तेल लावून रगडायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. मंगळवेढ्यात पोलीस भरतीच्या १६०० मीटर धावण्याचा सराव करणाऱ्या मुलांनाही टाचेमागची शीर दुखली की आधी मालीशच आठवते. तिने आराम पडतो, यात शंका नाही. पण महिनोन्‌महिने टिकलेलं दुखणं केवळ रगडून बरं होत नाही. स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा पेलवेल त्याहून जास्त ताण वारंवार सोसते, तेव्हा तिच्यातले तंतू विस्कटतात. पूर्वी हे बहुतेकांना निव्वळ सूज वाटे. हा विकार किती चिवट असतो, हे सचिन तेंडुलकरच्या कोपराने दाखवलं. २००४ मध्ये दुखणं उपटलं आणि २००५ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली.

कंडरेवर बोटाने आडवं, खोल घासण्याची पद्धत ब्रिटिश डॉक्टर जेम्स सिरियॅक्स यांनी रूढ केली. कोपर आणि गुडघ्याच्या अशा दुखण्यांवरच्या चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेने २०१४ मध्ये आढावा घेतला, तेव्हा तिचा ठोस फायदा सिद्ध करणारा पुरावा मिळाला नाही. चाचण्याही मोजक्या आणि लहान होत्या. याउलट स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये १५ हौशी खेळाडूंना पायरीवर चवड्यांनी उभं राहून टाच सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम १२ आठवडे दिला आणि ते सगळे पुन्हा धावू लागले. हा अभ्यासही लहानच, पण हळूहळू वाढवलेला भार कंडरेला बळ देतो, या मताला पुढच्या अभ्यासांनीही दुजोरा दिला.

मग जुने पैलवान मालिशीनेच बरे झाले, त्याचं काय? ते रोज जोर-बैठकाही काढत होते, म्हणजे कंडरेला भार मिळतच होता. मालिशीने वेदना काही काळ कमी होते, आखडलेले स्नायू सैल पडतात आणि व्यायाम सुसह्य होतो. तिचा खरा उपयोग तोच. दुखऱ्या जागी भार देणं घातक, ही भीतीही अर्धवट आहे. थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी ओसरलं, तर भार योग्य समजावा. वाढलं तर कमी करावा. मात्र टाचेमागे अचानक कट्‌कन आवाज होऊन चालणं अवघड झालं, तर रगडू नये, तडक डॉक्टर गाठावा. वस्तादांनी आणि प्रशिक्षकांनी मालीश जरूर चालू ठेवावी, पण तिच्या जोडीला किमान तीन महिन्यांचा व्यायाम खेळाडूकडून नेमाने करून घ्यावा.