चाळणीवर उरलेला कोंडा

बीड जिल्ह्यात गेवराई, आष्टीकडे ज्वारी-बाजरीचं पीठ गिरणीतून आलं की बहुतेक घरी तसंच परातीत पडतं. भाकरीबरोबर कोंडा आपसूक पोटात जातो. गव्हाचं पीठ मात्र बारीक चाळणीने चाळायचं आणि वरचा कोंडा म्हशीपुढे टाकायचा. सौदा म्हशीच्या फायद्याचा!

कोंड्यातले तंतू आपल्याला पचत नाहीत, आणि तोच त्यांचा गुण. ते पाणी धरून ठेवतात. मळ मऊ, भरदार होऊन मोठ्या आतड्यातून लवकर सरकतो, कुंथावं लागत नाही. गव्हाच्या कोंड्यातल्या एक ग्रॅम तंतूमागे मळाचं वजन साधारण पाच ग्रॅमने वाढतं. जाडसर कोंडा बारीक दळलेल्याहून गुणकारी. आफ्रिकेत काम केलेले सर्जन डेनिस बर्किट यांनी १९७०च्या दशकात हा विषय जगभर गाजवला.

पण कोंड्याला पाणी हवंच. इथून ऊसतोडीला जाणाऱ्या अनेक बायका फडावर लघवीला आडोसा नाही म्हणून पाणीच कमी पितात. तिथे नुसत्या भाकरीने भागत नाही. कोंडा एकदम वाढवला तर पोट फुगतं, म्हणून बेताबेताने वाढवा. मळात रक्त दिसलं, वजन घटू लागलं किंवा मलावरोध अचानक सुरू झाला, तर घरगुती उपाय करत न बसता डॉक्टरांना दाखवा.