मोटार वऱ्हाडात आली, सूचनापत्र मुंबईतच राहिले

मुंबई-पुण्यात सात-आठ वर्षे धावलेली आलिशान मोटार अमरावती-अकोल्यात नव्या मालकाच्या दारी उभी राहते, तेव्हा तिच्या पाटीवरील ‘एमएच ०२’ वा ‘एमएच १२’ ही अक्षरेही भूषणावह वाटू लागतात. नव्या लहान मोटारीच्या किमतीत एवढा ऐसपैस थाट मिळत असेल तर संत्र्याच्या बागाईतदाराला आणि निवृत्तीची रक्कम हाती आलेल्या प्राध्यापकाला मोह पडावा, यात नवल नाही. सौदा करताना इंजिनाचा आवाज ऐकला जातो, रंग निरखला जातो, मीटर मागे फिरविला आहे काय अशी शंकाही घेतली जाते. एकच प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही: दोष आढळल्यामुळे कारखानदाराने ही गाडी कधी परत बोलाविली होती काय, आणि बोलाविली असल्यास ती गेली होती काय?

हा प्रश्न किती गंभीर आहे, हे जपानच्या ताकाता कंपनीच्या एअरबॅगांनी जगाला दाखवून दिले. एअरबॅग क्षणार्धात फुगविण्यासाठी धातूच्या लहानशा डबीत ज्वालाग्राही द्रव्य ठेवलेले असते. ताकाताने त्यासाठी अमोनियम नायट्रेट वापरले. वर्षानुवर्षे दमट हवा आणि तापमानाचे चढउतार सोसल्यावर ते बिघडते, प्रमाणाबाहेर वेगाने जळते, डबी फुटते आणि तिचे तुकडे चालकाच्या मानेत व चेहऱ्यात घुसतात. जीव वाचविण्यासाठी बसविलेली वस्तूच घातक ठरते. अमेरिकेत या दोषाने पंचवीसहून अधिक बळी घेतले, जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि २०१७ मध्ये कंपनीने दिवाळे काढले. भारतातही होंडाने जानेवारी २०१८ मध्ये याच कारणासाठी २०१३ साली तयार झालेल्या अकॉर्ड, सिटी व जॅझ मिळून २२,८३४ मोटारी तपासणीस बोलाविल्या. ज्या मालकांनी भाग बदलून घेतला ते निर्धास्त झाले. परंतु ज्यांनी तो न बदलताच गाडी विकली, त्यांच्या गाड्यांचे काय? मुंबईच्या दमट हवेत काही वर्षे काढून अशी गाडी अकोल्याला आली, तर उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे चढणाऱ्या गावात तीच जुनी डबी चालकाच्या छातीसमोर बसलेली असते.

२०१६ मध्ये टेक्सासमध्ये १७ वर्षांची एक विद्यार्थिनी २००२ सालची होंडा सिव्हिक चालवीत होती. पुढच्या गाडीला बसलेली धडक प्राण जावा एवढी मोठी नव्हती. मृत्यू आला तो एअरबॅगच्या तुकड्याने. सूचनापत्रे पाठविली होती, असे कंपनी म्हणाली. ती मिळालीच नाहीत, असे कुटुंबीयांनी सांगितले. ज्या देशात अशा कामासाठी स्वतंत्र सरकारी यंत्रणा अनेक दशके उभी आहे, तेथील ही कथा आहे. आपल्याकडे पत्र जाते ते कंपनीच्या वहीतील पत्त्यावर, आणि तो पत्ता बहुधा पहिल्या मालकाचा असतो.

कायदा नाही, असे मात्र म्हणता येत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२१ पासून सदोष गाड्या परत बोलाविण्याचे नियम अमलात आले. विक्रीच्या प्रमाणात ठरावीक संख्येने तक्रारी आल्या म्हणजे सरकार चौकशी करू शकते. कारखानदारास १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तथापि हे नियम सात वर्षांहून कमी वयाच्या गाड्यांपुरतेच आहेत. म्हणजे वऱ्हाडात येईपर्यंत बहुतेक आलिशान मोटारी त्यांच्या कक्षेबाहेर गेलेल्या असतात. शिवाय सारा डोलारा तक्रारींच्या संख्येवर उभा, आणि जुन्या गाडीचा मालक तक्रार करीत नाही! ‘जुनीच घेतली, आता कोणत्या तोंडाने बोलावे’ हा एक संकोच; तक्रारीचा बोभाटा झाला तर पुढे गाडीला गिऱ्हाईक मिळणार नाही, हा दुसरा हिशेब. मग धावता धावता बंद पडणारे इंजिन किंवा अवेळी जड होणारे स्टिअरिंग गॅरेजमध्ये परस्पर ‘जमवून’ घेतले जाते. एअरबॅगचा इशारा देणारा दिवा सतत पेटू लागला तर तो दिवाच काढून टाकणारे महाभागही आहेत. किल्ली फिरविताच हा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. तो मुळीच न लागणे हे शुभलक्षण नव्हे.

न्यायालये ग्राहकाकडे अधिक सहानुभूतीने पाहतात, याचे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. अपघातात ह्युंदाई क्रेटाच्या एअरबॅगा उघडल्या नाहीत, या तक्रारीवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये कंपनीविरुद्धचा निकाल कायम केला. धडकेचा जोर मोजण्याइतका ग्राहक पदार्थविज्ञानाचा जाणकार असावा, अशी अपेक्षा धरता येत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. पण ती मोटार नवी घेतलेली होती. दुसऱ्या-तिसऱ्या मालकाला आधी हेच सिद्ध करावे लागते की दोष कारखान्यातला आहे, मधल्या हातांनी केलेला नव्हे.

आता रस्तेही बदलले. मुंबईच्या गर्दीत रखडत चालणारी मोटार समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरच्या वेगाने धावू लागते. अमरावती-अकोला मार्गावरील ७५ किलोमीटरच्या डांबरीकरणाचा जागतिक विक्रम २०२२ मध्ये मोठ्या कौतुकाने गाजला. त्या रस्त्यावरून धावणाऱ्या गाड्यांच्या टायरांवरील शेवटचे चार अंक म्हणजे निर्मितीचा आठवडा व वर्ष, हे किती चालकांना ठाऊक असेल?

मालकी बदलताना परिवहन कार्यालयात नमुना २९ आणि ३० भरावे लागतात. त्यांत चासी क्रमांक असतो. तोच क्रमांक कंपनीच्या परत बोलाविलेल्या गाड्यांच्या यादीतही असतो. अमरावतीच्या कार्यालयात नाव चढविण्यापूर्वी हे दोन क्रमांक ताडून पाहावेत आणि काम बाकी असल्यास नव्या मालकाच्या हाती तशी लेखी नोंद द्यावी, एवढी तरतूद करण्यास नवा कायदा लागत नाही. नियमात एका कलमाची भर पुरेल. तोवर खरेदीदाराने बयाणा देण्यापूर्वी चासी क्रमांक घेऊन कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात स्वतःच जावे आणि उत्तर लेखी मागावे.