पायांची निगा : सामान्य तक्रारी व त्यांवरील उपचार

वार्षिक अहवालात एखाद्या आजाराची माहिती देण्याचा आमचा प्रघात आहे. या वर्षी पायांचा विषय निवडला, कारण आपल्या भागातील माणूस पायांकडून फार काम करून घेतो. श्रावणी शनिवारच्या आदल्या रात्री शहरातून खुलताबादच्या भद्रा मारुतीकडे पायी जाणाऱ्यांची रीघ लागते. फाल्गुनात नाथषष्ठीला पैठणला दिंड्या येतात. नवरात्रात कितीतरी स्त्री-पुरुष नऊ दिवस अनवाणी राहतात. या श्रद्धेविषयी आम्हांस आदरच आहे. तथापि पुढील प्रसंग सांगणे आम्ही कर्तव्य समजतो.

मधुमेहाचे एक जुने रुग्ण नवरात्रात अनवाणी चालत होते. तळव्यात काटा रुतला, पण त्यांना कळले नाही. पायाला वास येऊ लागला तेव्हा पत्नीच्या लक्षात आले. तोवर जंतुसंसर्ग हाडापर्यंत पोहोचला होता व अंगठा काढावा लागला. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता : ‘दुखत तर नव्हते, मग एवढे कसे झाले?’

दुखत नव्हते म्हणूनच झाले, हे त्याचे उत्तर. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेने पायांच्या मज्जातंतूंची संवेदना मंदावते व रक्तपुरवठाही कमी होतो. वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी गेल्या शतकाच्या मध्यास हेच दाखवून दिले होते. वेदना हरपल्यामुळे नकळत होणाऱ्या जखमांनी बोटे झिजतात, हे त्यांचे निरीक्षण मधुमेही पायांनाही लागू पडते. संवेदना तपासण्यास मोठे यंत्र लागत नाही. 10 ग्रॅम दाब देणारा नायलॉनचा एक तंतू तळव्याच्या ठरावीक जागी टेकवतात व स्पर्श कळला का, ते विचारतात.

येथे एक कबुली द्यावयास हवी. हे रुग्ण आमच्याकडे नियमित येत असत. त्यांच्या कागदांत साखरेचे आकडे पानोपानी आहेत, परंतु पाय पाहिल्याची एकही नोंद नाही. आम्ही वाणिज्य शाखेचे, नोंद नसणे म्हणजे काय ते आम्हांस कळते. आता मधुमेह विभागात एक स्टूल व दिवा ठेवला आहे, आणि केसपेपरवर पायांसाठी स्वतंत्र रकाना छापून घेतला आहे. हा खर्च इतका किरकोळ होता की देणगीदारांपुढे मांडताना संकोच वाटतो. एका शस्त्रक्रियेचा व त्यानंतरच्या ड्रेसिंगचा खर्च त्याच्या कित्येक पट होतो. घरच्या कर्त्या माणसाची बुडालेली मजुरी त्यात धरलेली नाही.

मधुमेह्यांनी रोज रात्री तळवे व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसेल तर आरसा घ्यावा किंवा घरच्यांनी पाहावे. पाय कोमट पाण्याने धुवावेत, मात्र पाणी किती गरम आहे हे पायाने न पाहता कोपराने पाहावे. गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नये. चप्पल-बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा अथवा खिळा नाही याची खात्री करावी. घरातही अनवाणी वावरू नये. फोड, काळसर डाग वा जखम दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. हळद-तेल लावून वाट पाहू नये.

इतर तक्रारी कमी गंभीर असल्या तरी त्रासदायक असतात. टाचांच्या भेगांसाठी पाय पंधरा मिनिटे कोमट पाण्यात ठेवून, पुसून, व्हॅसलीन किंवा युरियायुक्त मलम लावावे व रात्री मोजे घालावेत. पावसाळ्यात चिखलात राबणाऱ्यांना चिखल्या होतात. त्यांवर बुरशीनाशक मलम आहे, पण बेचक्या कोरड्या ठेवल्यावाचून ते टिकून गुण देत नाही, आणि खाज थांबताच मलम बंद केल्यास चिखल्या पुन्हा उद्भवतात. कुरूप हे बहुधा घट्ट किंवा कडक पादत्राणाच्या दाबाने होते. दाब हटवला नाही तर कापूनही ते परत येते. ते ब्लेडने कापण्याची सवय फार आढळते. ती सर्वांनीच सोडावी, आणि मधुमेह्यांनी तर कुरुपाच्या पट्ट्याही लावू नयेत, कारण त्यांतील आम्लाने चांगली कातडीही भाजते. नखे सरळ कापावीत. कोपरे खोल कोरल्याने नख मांसात रुतते.

सकाळी पहिले पाऊल टेकताच टाचेत कळ येते, ही तक्रार गृहिणींकडून वारंवार ऐकू येते. तळव्याखालच्या पट्ट्यावर ताण आल्याने असे होते. पोटरी ताणण्याचे व्यायाम, मऊ तळाची चप्पल व वजनावर नियंत्रण यांनी बहुतेकांना काही महिन्यांत आराम पडतो. शस्त्रक्रियेची वेळ क्वचितच येते. ओट्यापाशी तासन्‌तास उभे राहणाऱ्यांनी घरातही चप्पल वापरावी.

नवी पादत्राणे संध्याकाळी घ्यावीत, कारण दिवसअखेर पाय किंचित सुजलेले असतात. आणि तपासणीस येताना नवी चप्पल घालून येऊ नये. रोजची, झिजलेलीच घालून यावी. ती कोणत्या बाजूने झिजली आहे यावरून पायावरचा भार कोठे पडतो, ते डॉक्टरांना कळते.