पेंगेची कैफियत

१८६७ सालच्या एप्रिल महिन्याच्या १२ तारखेस विरारहून मुंबईच्या बॅकबे स्थानकाकडे जी पहिली उपनगरी गाडी निघाली, ती दिवसाकाठी एकदा जाई आणि एकदा परत येई. त्या एका फेरीने ज्या मुलखाचा मुंबईशी नित्याचा संबंध जोडला, त्या मुलखातील माणसांच्या झोपेचे पुढील दीडशे वर्षांत काय झाले, याची नोंद मात्र कोणत्याही सरकारी दप्तरात सापडावयाची नाही. गॅझेटियरकारांनी वसईची केळी, पानमळे, मिठागरे आणि किल्ल्याचे बुरूज यांचा तपशील मोठ्या बारकाईने दिला. झोप ही त्यांच्या लेखी नोंदण्याजोगी चीजवस्तू नव्हती. आणि असे का व्हावे, हेही उघड आहे. वाडीतील माणूस पहाटे उठून शिंपण्याला लागे, तो दुपारी ओटीवर निर्धास्त आडवा होई. अर्नाळ्याचा किंवा पाचूबंदरचा कोळी भरती-ओहोटीच्या हुकमाने रात्री होडी लोटी, तो किनाऱ्यावर परतल्यावर दिवसा झोपून घेई. झोप तुकड्यातुकड्यांनी मिळत असे, परंतु मिळत असे.

विजेवर चालणारी गाडी १९३६ साली बोरिवलीच्या पुढे विरारपर्यंत आली, आणि तरीही पुढील कित्येक दशके येथून जाणारा उतारू मुख्यत्वे फुलांच्या, भाजीच्या टोपल्या घेऊन दादरला उतरणारा होता. खरा पालट झाला तो गेल्या पस्तीस वर्षांत. मुंबईत ज्याला खोली परवडेना तो अंधेरी सोडून बोरिवलीला, बोरिवली सोडून मीरा रोडला आणि शेवटी खाडी ओलांडून नालासोपाऱ्यास येऊन ठेपला. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली, २०११ च्या शिरगणतीत तिच्या हद्दीतील लोकसंख्या १२ लाखांवर गेल्याचे दिसले, आणि २०१४ साली ठाणे जिल्हा तोडून पालघर जिल्हा निर्माण करण्यात आला. या सर्व घडामोडींचे लेख, ठराव आणि नकाशे उपलब्ध आहेत. परंतु चर्चगेटहून सुमारे साठ किलोमीटर दूर राहून फोर्टमध्ये साडेनवाला हजेरी लावणाऱ्या माणसाने पाचाला उठावयाचे, रात्री नवाला घरी टेकावयाचे, मुलांची वही पाहून, जेवून, बाराला अंग टाकावयाचे, आणि हा शिरस्ता तीस वर्षे चालवावयाचा, याचा हिशेब ज्या त्या माणसाच्या डोळ्यांखालीच तेवढा लिहिलेला आहे.

पेंग ही त्यामुळे आमच्याकडे नागरिकत्वाची खूणच होऊन बसली. विरार फास्टमध्ये खिडकीशी बसलेला झोपतो, चौथ्या सीटवर अर्धे अंग बाहेर टाकून बसलेला झोपतो, आणि वरच्या कडीत मनगट अडकवून उभा असलेला माणूसही झोपतो. इतकेच नव्हे, तर भाईंदर सोडून गाडी खाडीच्या पुलावर चढली की चाकांचा आवाज पालटतो, त्या पालटलेल्या आवाजासरशी नायगाव-वसईची मंडळी डोळे न उघडताच पिशव्या चाचपू लागतात. विरारकरास एवढाही त्रास नसे, कारण गाडीच तेथे संपे. २०१३ साली उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत धावू लागल्या, तेव्हापासून त्याच्याही निर्धास्तपणास थोडी बाधा आली. हे सारे आम्ही हसत सांगतो. परंतु जेथे सगळेच पेंगतात तेथे ज्याची पेंग हा रोग आहे तो माणूस ओळखू कसा यावा? या मागोव्यात मला महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट: थकव्याच्या झोपेने आमच्या भागात व्याधीच्या झोपेला अनेक वर्षे बेमालूम आश्रय दिला.

व्याधी म्हणून या झोपेकडे पाहण्याचा इतिहास तसा जुना आहे. चरकाने आहार आणि ब्रह्मचर्य यांच्यासह निद्रेला शरीराचा उपस्तंभ म्हटले, आणि सूत्रस्थानाच्या ज्या अध्यायात अतिस्थूल देहाची चिकित्सा केली, त्याच अध्यायात निद्रेचेही विवेचन केले. या शेजाराचे मर्म आधुनिक वैद्यकास पुष्कळ उशिरा कळले. युरोपात १८८० साली जेलिनो या फ्रेंच वैद्याने मद्याच्या पिंपांचा व्यापार करणाऱ्या एका रुग्णाची हकीकत लिहिली. त्यास दिवसातून असंख्य वेळा अनावर झोप येई, आणि मोठ्याने हसला तर अंगातील बळच सरे. जेलिनोने त्या रोगास नार्कोलेप्सी हे नाव दिले. उपाय मात्र पन्नास वर्षे नव्हता. १९३० च्या सुमारास एफेड्रिन आले. १९३५ साली अँफेटामिन वापरून पाहण्यात आले, आणि त्याने रुग्ण जागा राहिला खरा, परंतु छातीची धडधड, चिडखोरपणा आणि व्यसन ही त्या जागेपणाची किंमत होती. महायुद्धात तेच द्रव्य सैनिकांना वाटण्यात आले, आणि पुढे बहुतेक देशांनी, आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने, त्यास सक्त निर्बंधांखाली आणले.

मोडाफिनिल हे या पार्श्वभूमीवर आलेले औषध. लाफों या फ्रेंच प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात त्याचा शोध लागला, लियों येथील निद्राशास्त्रज्ञ मिशेल जूवे यांनी ते नार्कोलेप्सीच्या रुग्णांवर वापरून पाहिले, १९९४ साली ते फ्रान्समध्ये विक्रीस आले आणि १९९८ च्या अखेरीस अमेरिकेने त्यास मान्यता दिली. योगायोग असा की, मेंदूला जागे ठेवणाऱ्या ओरेक्सिन या द्रव्याचा शोधही १९९८ सालीच दोन स्वतंत्र संशोधकगटांनी लावला, आणि दोन वर्षांच्या आत असे सिद्ध झाले की नार्कोलेप्सीच्या बहुसंख्य रुग्णांच्या मेंदूत हे द्रव्य जवळजवळ नाहीसे झालेले असते. ज्या माणसाला शाळेत आळशी आणि कचेरीत कामचुकार म्हणून जन्मभर ऐकून घ्यावे लागले, त्याच्या बाजूने एवढी भक्कम साक्ष त्यापूर्वी कधी निघाली नव्हती.

तथापि नार्कोलेप्सी विरळा. आमच्या गाडीत बसलेला रुग्ण बहुधा दुसऱ्याच जातीचा. झोपेत घसा मिटतो, श्वास दहा-वीस सेकंद, कधी त्याहूनही अधिक काळ थांबतो, मेंदू दचकून जागा होतो, श्वास घेऊन पुन्हा झोपतो, आणि हे रात्रभर शेकडो वेळा घडूनही सकाळी माणूस म्हणतो की मला झोप छान लागली. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात नेहमीच्या आरोग्यतपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या ६५८ निरोगी पुरुषांस डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न विचारले, त्यांपैकी २५० जणांची रात्रीची तपासणी केली, आणि २००४ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले: झोपेतील श्वसनाचा दोष १९.५ टक्के पुरुषांत, आणि त्यासोबत दिवसाची अनावर झोप ७.५ टक्क्यांत. डब्यातील बाकावर समोरासमोर बसलेल्या माणसांकडे हे आकडे मनात ठेवून पाहावे. यावरचा उपाय गोळी नव्हे. ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेले, नाकावाटे दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारे यंत्र, हाच तो उपाय.

मी या दुसऱ्या जातीतला. कचेरीत दुपारी तीनच्या सुमारास टिपण लिहिता लिहिता शाईची रेघ ओळ सोडून खाली घसरत जाई आणि कागदाच्या कडेशी जाऊन थांबे. साहेबांकडे ते कागद जाण्यापूर्वी पुन्हा लिहून काढणे हा माझ्या कामाचा एक न सांगितलेला भागच झाला होता. घरी घोरणे हा थट्टेचा विषय होता. ती थट्टा सौभाग्यवतींनीच एके दिवशी मोडीत काढली. "नुसतं घोरणं नाही हो हे," त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "श्वासच थांबतो यांचा मधेच. मी आपली जागी राहून वाट बघत बसते." डॉक्टरांनी लिहिणे थांबवून वर पाहिले ते त्या वाक्यावर. तोवरची माझी सगळी कैफियत त्यांनी, विरारकडच्या माणसाची कैफियत म्हणून, मान हलवीत ऐकून घेतली होती.

त्यांनी पुढे केलेली प्रश्नावली मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी १९९१ साली तयार केलेली होती. आठ प्रसंग, प्रत्येकास शून्य ते तीन गुण, आणि बेरीज दहाच्या वर गेली तर प्रकरण तपासणीयोग्य. वाचताना, बसून दूरदर्शन पाहताना, दुपारी आडवे झाल्यावर, तासभर गाडीत प्रवासी म्हणून बसल्यावर डुलकी लागण्याचा संभव किती? उभ्याने झोप लागते काय, हा प्रश्न त्यात नाही; तासभराच्या प्रवासात बसावयास जागा मिळते, हे मेलबर्नमध्ये गृहीत धरलेले आहे. नालासोपाऱ्याचा कोणीही धडधाकट माणूस या कागदावर रोगी ठरावा, आणि खरा रोगी त्याच्या शेजारी त्याच गुणांनी बसावा, अशी ही अडचण आहे. म्हणून रविवारची झोप विचारावी, असे माझे मत आहे. सुटीच्या दिवशी मनसोक्त झोपून जो ताजातवाना होतो त्याचे ते केवळ थकलेले देणे. जो दहा तास झोपूनही जड डोक्याने उठतो त्याने तारा लावून घेण्यासाठी तपासणीच्या खाटेवर जावे. मी गेलो.

यंत्र आले. पावसाळ्यात रात्री वीज गेली की ते मुकाट्याने बंद पडे आणि मुखवट्याखाली गुदमरून मी उठून बसे; या एका कारणाने बॅटरीचा खर्चही वाढला. श्वास सुधारला, घरचे झोपू लागले, सकाळची डोकेदुखी गेली. तरी दुपारची झापड काही अंशी राहिलीच, आणि यंत्र नीट वापरूनही थोड्यांच्या बाबतीत ती राहते हे वैद्यकास ठाऊक आहे. तेव्हा कोठे मोडाफिनिलची चिठ्ठी मिळाली, तीही एका अटीवर. "यंत्र सोडून नुसती गोळी चालू ठेवणार असाल, तर पुढची चिठ्ठी माझ्याकडे मागायला येऊ नका," डॉक्टरांनी बजावले.

गोळीविषयी लोकांच्या मनात ज्या अद्भुत कल्पना असतात त्यांपैकी एकीचाही मला अनुभव आला नाही. उत्साह दाटून आला नाही, बुद्धी तल्लख झाली नाही. तीन वाजले आणि शाईची रेघ ओळीवर राहिली, इतकेच. आरंभी डोके दुखले, तोंडाला कोरड पडली, भूक थोडी मंदावली. शरीरातील तिचे प्रमाण निम्मे होण्यास सुमारे पंधरा तास लागतात, हे पत्रकातील वाक्य मला खरे कळले ते सकाळची गोळी विसरून जेवणानंतर घेतली त्या दिवशी. मध्यरात्र उलटल्यावरही शेवटच्या गाडीपासून पहिल्या गाडीपर्यंतची शांतता मी संपूर्ण ऐकली. स्त्रियांच्या बाबतीत संततिनियमनाच्या गोळ्यांचा परिणाम हे औषध कमी करते, आणि अंगावर पुरळ उठल्यास ते तात्काळ बंद करून डॉक्टर गाठावा लागतो. या दोन गोष्टी दुकानाच्या काउंटरवर कोणी सांगत नाही.

आणि काउंटरचा प्रश्न मोठा आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात भारतीय कंपन्यांचे मोडाफिनिल बाजारात स्थिरावले, नेमक्या त्याच काळात मालाड-अंधेरीच्या परदेशी वेळेवर चालणाऱ्या कचेऱ्यांत वसई-विरारची तरुण मुले रात्रपाळीस जाऊ लागली. वालीव-गोखिवऱ्याच्या कारखान्यांतील पाळ्या तर आधीपासूनच होत्या. चिठ्ठीवाचून न मिळणारी गोळी परीक्षेच्या दिवसांत आणि महिनाअखेरीच्या रात्रपाळ्यांत मित्राच्या पाकिटातून हातोहात फिरते, हे आमच्या भागात कोणापासून लपलेले नाही. झोपेची तपासणी मुंबईच्या रुग्णालयात, वेळ ठरवून, रजा टाकून करावयाची. गोळी मात्र नाक्यावर. क्रम असा उलटा लागल्यावर दुसरे काय व्हावे?

रात्रपाळीच्या माणसास ही गोळी द्यावी काय, याविषयी खुद्द शासनसंस्थांत एकमत नाही. अमेरिकेने २००४ साली पाळीच्या कामामुळे होणाऱ्या निद्राविकारासाठी, तसेच श्वसनदोषावरील उपचारानंतर उरणाऱ्या झोपेसाठी तिला मुभा दिली. युरोपच्या औषधसंस्थेने २०१० साली लाभ आणि धोका तोलून ती केवळ नार्कोलेप्सीपुरती ठेवावी असा निर्णय दिला. अमेरिकेच्या मुभेमागचा जो प्रयोग चार्ल्स झायस्लर यांच्या गटाने २००५ साली प्रसिद्ध केला, तो आमच्याकडच्या प्रत्येक रात्रपाळीवाल्याने वाचण्याजोगा आहे. त्यात २०९ कामगार होते. गोळी घेतलेल्यांना रात्री संधी मिळताच झोप लागण्यास पूर्वी सरासरी २.१ मिनिटे लागत, ती ३.८ झाली. फरक खरा, परंतु दोन मिनिटांऐवजी चार मिनिटांत झोपणारा माणूस यंत्रासमोर सुरक्षित कसा म्हणावा? त्याच प्रयोगातील दुसरा आकडा मला अधिक बोलका वाटतो: पाळी संपवून घरी परतताना अपघात झाल्याचे किंवा थोडक्यात टळल्याचे सांगणारे, खोटी गोळी घेतलेल्यांत ५४ टक्के होते, आणि खरी घेतलेल्यांत २९ टक्के.

सकाळी चर्चगेटहून विरारकडे येणाऱ्या रिकाम्या गाडीत बाकावर आडवी झालेली ही मुले मी पाहतो, तेव्हा २९ टक्के हाही मला लहान आकडा वाटत नाही. वसई किंवा विरार स्थानकाबाहेर ठेवलेली मोटरसायकल काढून त्यांना अजून पूर्वेला महामार्गाकडे जावयाचे असते. अलीकडे घरीच बोटाला आणि छातीला लावून करण्याच्या तपासणीची साधने निघाल्याने मुंबईचा हेलपाटा काहीसा वाचू लागला आहे, आणि पिटोलिसँट, सॉलरिअँफेटॉल यांसारखी नवी औषधे २०१६ ते २०१९ च्या दरम्यान पाश्चात्य देशांत मान्य झाली आहेत. ओरेक्सिनचेच काम करणाऱ्या गोळ्यांवर सध्या प्रयोग चालू आहेत. त्या आल्या म्हणजे जेलिनोच्या रुग्णाचे कल्याण होईल यात शंका नाही. माझ्यापुरते म्हणावयाचे तर निवृत्तीनंतर पाचाला उठण्याची गरज उरली नाही, तसे डॉक्टरांनी रक्तदाब पाहून गोळी आधी निम्म्यावर आणली आणि मग फक्त बाहेरगावी जाण्याच्या दिवसापुरती ठेवली. यंत्र मात्र रोज रात्री लावतो, आणि आता वीज गेली तरी ते चालू राहते.