आरशाविना कॅमेरा : गुण आणि दोष

कॅमेऱ्याचा आकार लहान करण्याची खटपट छायाचित्रणाच्या इतिहासात जुनी आहे. १९२५ मध्ये जर्मनीत ‘लायका’ कॅमेरा विक्रीस आला आणि चित्रपटाच्या ३५ मिलिमीटर रुंदीच्या फितीवर २४ × ३६ मिलिमीटर आकाराचे चित्र घेण्याची पद्धत रूढ झाली. १९५९ मध्ये जपानच्या ऑलिंपस कंपनीने योशिहिसा माइतानी या अभियंत्याने आखलेला ‘पेन’ नावाचा छोटा कॅमेरा बाजारात आणला. तो त्याच फितीवर निम्म्या आकाराचे चित्र घेत असल्यामुळे छत्तीस चित्रांच्या फितीत बहात्तर चित्रे मावत. यानंतर पन्नास वर्षांनी, २००९ मध्ये, त्याच कंपनीने ‘पेन ई-पी१’ हा कॅमेरा सादर केला. त्यात फीत नव्हती. तिच्या जागी प्रकाशाचे विद्युत्-संकेतांत रूपांतर करणारा संवेदक होता. भिंग बदलता येत होते, पण अशा बहुतेक कॅमेऱ्यांत तोवर असणारा आरसा मात्र त्यात नव्हता. आदल्या वर्षी पॅनासॉनिक कंपनीच्या ‘ल्यूमिक्स जी१’ या कॅमेऱ्याने हाच मार्ग धरला होता. आज भिंग बदलता येणारे बहुतेक नवे कॅमेरे याच जातीचे असतात. आरसा गेल्याने काय साधले आणि काय गमावले, हे समजून घेतल्यास कॅमेऱ्याची पारख करणे सोपे जाते.

आरशाचे काम

आरशाच्या कॅमेऱ्यात भिंगाच्या मागे ४५ अंशांच्या कोनात एक आरसा बसविलेला असतो. भिंगातून आलेले किरण त्यावरून परावर्तित होऊन वरच्या दुधी काचेवर प्रतिमा उमटवितात. ही प्रतिमा डावी-उजवी उलटलेली असते; पंचकोनी लोलक तिला सुलट करून डोळ्यापर्यंत पोहोचवितो. कळ दाबली की आरसा वर उचलला जातो, शटर उघडते आणि प्रकाश संवेदकावर पडतो. तेवढा क्षण पाहणाऱ्यास अंधार दिसतो.

या रचनेचा मोठा गुण असा की, दृश्य पाहण्यासाठी विजेची गरज लागत नाही. डोळ्यास दिसतो तो दृश्यातून आलेला प्रकाशच असतो. परंतु आरशाला वरखाली होण्यास जागा हवी. त्यासाठी भिंगाची बैठक संवेदकापासून दूर ठेवावी लागते. ‘फोर थर्ड्स’ या आरसायुक्त पद्धतीत हे अंतर सुमारे ३९ मि.मी. होते. संवेदक तेवढाच ठेवून आरसा काढल्यावर ‘मायक्रो फोर थर्ड्स’ या नव्या पद्धतीत ते सुमारे १९ मि.मी., म्हणजे निम्मे झाले.

साधलेले लाभ

पहिला लाभ आकाराचा व वजनाचा. ई-पी१ कॅमेऱ्याची जाडी सुमारे ३५ मि.मी. असून बॅटरीविना त्याचे वजन ३३५ ग्रॅम आहे. त्याच्यासोबत निघालेले १७ मि.मी. नाभीय अंतराचे चपटे भिंग अवघे ७१ ग्रॅम भरते. डोंगर चढणाऱ्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यास ही गोष्ट क्षुल्लक वाटणार नाही.

दुसरा लाभ भिंगरचनेचा. विस्तृत दृश्य टिपणाऱ्या भिंगाचे नाभीय अंतर लहान असते. मध्ये आरसा असल्यास अशा भिंगाला संवेदकाजवळ जाता येत नाही. मग अधिक काचा योजून प्रतिमा मागे ढकलावी लागते. आरसा नसेल तर भिंग साधे व लहान करता येते. मोकळ्या झालेल्या जागेत योग्य लांबीचे कडे बसवून जुन्या फितीच्या कॅमेऱ्यांची भिंगेही वापरता येतात. कपाटात पडून राहिलेल्या भिंगांना त्यामुळे पुन्हा उपयोग लाभतो.

तिसरा लाभ असा की, पडद्यावर दिसते ते संवेदकाने पाहिलेले चित्र असते. ते फार उजळ किंवा काळवंडलेले येणार असेल, तर कळ दाबण्यापूर्वीच कळते. प्रतिमेचा छोटा भाग मोठा करून तिची स्पष्टता तपासता येते. शिवाय आरशाचा खटका व त्याने बसणारा हादरा राहत नाही. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून चित्र घेताना ही स्थिरता फार मोलाची ठरते.

चुकवावी लागणारी किंमत

आरसा जे काम विजेविना करीत होता, ते आता संवेदक, पडदा आणि बॅटरी यांना करावे लागते. या जातीच्या कॅमेऱ्यांचे बहुतेक दोष या एका गोष्टीतून उद्भवतात.

नुसते दृश्य न्याहाळतानाही संवेदक व पडदा चालू ठेवावे लागतात. म्हणून ई-पी१ च्या एका बॅटरीत प्रमाणित चाचणीनुसार सुमारे ३०० चित्रे निघतात, तर निकॉन कंपनीच्या २०१७ मधील ‘डी८५०’ या आरसायुक्त कॅमेऱ्यात तोच आकडा १,८४० आहे. डी८५० हा पुष्कळ मोठा असून त्याची बॅटरीही मोठी आहे. तरी हा सारा फरक बॅटरीच्या आकाराने पडलेला नाही. अरण्यात चार दिवस राहणाऱ्या अभ्यासकाने जादा बॅटऱ्या बरोबर घेतल्याच पाहिजेत.

ई-पी१ ला डोळा लावून पाहण्याचा अंगभूत दृश्यदर्शक नाही. भर उन्हात त्याचा पडदा नीट दिसत नाही. पुढील अनेक कॅमेऱ्यांत विद्युत्-दृश्यदर्शक आला, पण त्यातील चित्र प्रत्यक्षाहून किंचित मागे असते. उत्तम दृश्यदर्शकांत हा विलंब आता जाणवेनासा झाला आहे.

प्रतिमा आपोआप स्पष्ट करण्याच्या रीतीतही फरक पडला. आरशाच्या कॅमेऱ्यात भिंगाच्या दोन बाजूंनी आलेल्या किरणांची तुलना होते आणि भिंग कोणत्या दिशेने किती सरकवावे हे एकदम कळते. या तुलनेसाठी किरण दुय्यम आरशामार्फत मिळत असत. आरशाबरोबर ती सोय गेली. ई-पी१ प्रतिमेतील कडांचा ठळकपणा पाहत भिंग सरकवितो. तंबोरा जुळविताना सूर ओलांडून खुंटी पुन्हा मागे आणावी, तसा हा प्रकार आहे. तो अचूक असला, तरी मंद प्रकाशात व धावत्या विषयासाठी अपुरा पडतो. २०११ पासून अशा तुलनेची योजना प्रत्यक्ष संवेदकावरच असलेले आरशाविना कॅमेरे निघू लागले, आणि हा दोष पुष्कळसा दूर झाला.

न आटणारा प्रकाश

काही मर्यादा मात्र यंत्राच्या सुधारणेने पुसल्या जात नाहीत. मायक्रो फोर थर्ड्स संवेदक १७.३ × १३ मि.मी. असतो, त्याचे क्षेत्रफळ सुमारे २२५ चौ. मि.मी. भरते. २४ × ३६ मि.मी. चौकटीचे क्षेत्रफळ ८६४ चौ. मि.मी. आहे. म्हणजे भिंगाचा छिद्रांक आणि शटरचा वेळ समान ठेवल्यास लहान संवेदकावर एकंदर प्रकाश जवळजवळ एक-चतुर्थांशच पडतो.

प्रकाश कणाकणांनी येतो आणि त्यांची संख्या थोडी कमी-अधिक होत राहते. सरासरी १०,००० कण येणार असतील तर हा चढउतार साधारणतः १०० कणांचा, म्हणजे एक टक्का असतो. २,५०० कण येणार असतील तर तो ५० कणांचा, म्हणजे दोन टक्के होतो. मंद प्रकाशातील चित्रात जो दाणेदारपणा दिसतो, त्याचे एक प्रमुख कारण हे आहे.

दूरच्या पक्ष्याचे चित्र घेतानाही हाच हिशेब लागू पडतो. ३०० मि.मी. नाभीय अंतर आणि ४ छिद्रांक असलेल्या भिंगास ७५ मि.मी. व्यासाचे छिद्र हवेच. कॅमेरा कितीही चिमुकला असला तरी त्यात सूट नाही. लहान संवेदकास तेवढेच दृश्य १५० मि.मी. भिंगात मिळते आणि ओझे कमी होते. परंतु छिद्राचा व्यास निम्मा झाल्याने प्रकाश एक-चतुर्थांश होतो. २०१३ मध्ये सोनी कंपनीने, आणि २०१८ मध्ये निकॉन व कॅनन यांनी, २४ × ३६ मि.मी. संवेदकाचे आरशाविना कॅमेरे आणले. त्यांत प्रकाश पुरेसा मिळतो, पण दूरदर्शी भिंगांचा भार पूर्वीसारखाच राहतो.

निवड करताना

भिंग काढल्यावर अनेक आरशाविना कॅमेऱ्यांचा संवेदक उघडा पडतो, म्हणून भिंग बदलताना तोंड खाली धरावे आणि धुळीची जागा टाळावी. आपल्या किनारपट्टीवर पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते. कॅमेरा हवाबंद डब्यात, ओलावा शोषणारे सिलिका जेल घालून ठेवणे इष्ट होय.

सहलीत फुलपाखरे व वनस्पती टिपावयाच्या असतील, सूक्ष्मदर्शकातील पेशींची नोंद ठेवावयाची असेल किंवा ग्रंथालयातील जीर्ण पोथीची पाने शांतपणे उतरवून घ्यावयाची असतील, तर लहान आरशाविना कॅमेरा उत्तम साधन आहे. रात्रीचे आकाश किंवा संधिप्रकाशातील वन्य प्राणी हा विषय असेल, तर मोठा संवेदक व मोठे भिंग यांचा भार वाहावाच लागेल. शाळेने वा ग्रंथालयाने कॅमेरा घेताना आधी आपला विषय, त्यावर पडणारा प्रकाश आणि वीज मिळण्याची सोय या तीन गोष्टींचा विचार करावा, म्हणजे मर्यादित निधी योग्य ठिकाणी खर्च होईल.